आपले म्हातारे संपले का?

पुण्यात मावशीकडे, इथे इंग्लंडात मंडळाच्या गणपतीत, आणि परवा तर भाच्याच्या लग्नात पंगतीला बसल्या बसल्या पुन्हा तेच. "काय गं, त्या सफकच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी रेकॉर्ड करत फिरतेस. आपले म्हातारे संपले का?" (सफक म्हणजे इंग्लंडच्या पूर्वेकडचा शेतीवाडीचा परगणा.) मी दर वेळी हसते आणि जिलबी पुढे करते. आता तुम्ही विचारलंतच आहे, तर एकदा लिहूनच टाकते.

पहिलं उत्तर भांडखोर आहे. जात्यावरच्या ओव्या गोळा करायला गी पॉइटवँ फ्रान्सचे, हेमा राईरकर आपल्या. दोघांनी मिळून एक लाखावर ओव्या जमवल्या. त्यांना कुणी म्हटलं का, की तुमच्या फ्रान्सात आज्या नाहीत? आणि ज्यांच्यामुळे मी या नादाला लागले ते जॉर्ज एवर्ट इव्हान्स तरी कुठे सफकचे होते? वेल्सच्या कोळशाच्या खाणींकडचा माणूस. १९४८ मध्ये बायकोला सफकमधल्या ब्लॅक्सहॉल गावच्या शाळेत नोकरी लागली म्हणून तिथे आला. त्यांना ऐकायलाही कमी यायचं. तरी शेजारच्या मेंढपाळाकडे जाऊन बसायचे. कापणीच्या टोळीचा म्होरक्या, त्याला तिथे 'लॉर्ड' म्हणत, मालकाशी मजुरीचा सौदा कसा ठरवायचा. सरवा वेचायला शेतात शिरायची वेळ घंटा वाजवून कशी सांगत. मेंढपाळ मेला की त्याच्या शवपेटीत लोकरीचा झुबका का ठेवत. (रविवारी चर्चला का आला नाहीस असं देवानं विचारलं तर पुरावा हवा ना.) हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं. परक्याला बावळट प्रश्न विचारता येतात, हे त्यांच्याकडे बघून मला कळलं.

आणि आपल्या माणसांना ते विचारता येत नाहीत. आजीसमोर कॅसेट रेकॉर्डर धरला होता की मी, एकदा. ती म्हणाली, "जातं कुठाय? हातात खुंटा नसला तर ओवी येती व्हय?" मामी हसली, "एवढंही ठाऊक नाही तुला?" मी रेकॉर्डर पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी जातं शोधायला हवं होतं. शोधलं नाही.

इथवरचं उत्तर मी चारचौघांत देऊ शकते. पुढचं आजवर दिलेलं नाही.

एक म्हातारबा होते, सत्त्याऐंशीचे. वडील मोठ्या शेतावर हेड हॉर्समन, म्हणजे नांगराचे घोडे सांभाळणाऱ्या गड्यांचे मुखिया. चौदाव्या वर्षी हेही तबेल्यात लागले. सफक पंच जातीचे तांबूस, ठेंगण्या पायांचे घोडे. सकाळी तबेल्यातून पहिली जोडी हेड हॉर्समनचीच निघायची, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. शेतात नांगरही त्याच क्रमानं. मला ते 'मॉदर' म्हणायचे. आई नव्हे, त्यांच्या बोलीत पोरगी.

पाचव्या भेटीत मी बेडकाच्या हाडाचं काढलं. तिकडची प्रसिद्ध गोष्ट आहे: बेडूक मारून काटेरी झुडपावर वाळवायचा, मुंग्यांच्या वारुळात ठेवायचा, हाडं मोकळी झाली की मध्यरात्री ओढ्यात सोडायची. जे हाड प्रवाहाच्या उलट जाईल ते ज्याच्या खिशात, त्याच्या शब्दाबाहेर घोडा जात नाही. इव्हान्सनी यामागचं गमक शोधलं होतं. सगळा खेळ घोड्याच्या नाकाचा. काही तेलांच्या वासाला घोडा ओढला जातो, काही घाण वासांपुढे जागचा हलत नाही. हॉर्समन ती औषधं लपवायचे आणि हाडाची कथा पुढे करायचे.

म्हातारबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते बंद कर, मॉदर." मी रेकॉर्डर बंद केला. टेबलावर फोनही होता. तो चालू होता.

विसरले होते, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगितलं. तेव्हाची मी अजूनही तेच म्हणते: हे ज्ञान त्यांच्याबरोबर जाणार होतं, तू ते वाचवलंस. आताची मी तिला म्हणते, बये, तू पडद्यावरचे सेकंद पळताना पाहिलेस आणि फोन पालथा ठेवलास. वडिलांनी काय वापरायचं, कशात मिसळायचं, कुणाला सांगायचं नाही, असं अकरा मिनिटं ते बोलले.

पुढच्या खेपेला मी त्यांना त्यांचाच आवाज ऐकवायला गेले आणि चुकीची फाइल लागली. खोलीत त्यांचंच वाक्य घुमलं, "ते बंद कर, मॉदर," आणि आवाज पुढे चालूच राहिला. मला बटण सापडेना. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "मी बंद कर म्हटलं होतं." मग चहा विचारला. त्यानंतर चार वेळा गेले. घेवड्याचे वेल, पाऊस, गुडघा. घोडा पुन्हा तोंडातून निघाला नाही.

ते गेल्यावर मुलगी भेटली, साठीची. "घोड्यांबद्दल बाबा जे जे बोलले ते सगळं दे. मला कधीच काही सांगितलं नाही त्यांनी. बायकांचं काम नाही म्हणायचे." मी पेन ड्राइव्ह दिला, त्या अकरा मिनिटांशिवाय. तिनं विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," मी म्हणाले.

त्या अकरा मिनिटांत तिच्या आजोबांचं नाव आहे, त्यांनी मुलाला घातलेली शपथ आहे, आणि ती मोडताना एका मराठी बाईसमोर थरथरलेला म्हाताऱ्याचा आवाज आहे. कधी वाटतं फाइल पुसावी, कधी वाटतं उठून तिच्या दारात जावं. आपल्या म्हाताऱ्यांचं विचारत होतात ना? मावशी म्हणते, आजीचं जातं तिच्या माळ्यावर पडलंय. खुंटा मात्र नाही.