माझं मागायचं राहिलं

आज मंगळवार. सिद्धिविनायकाला जाऊन आले आणि माझं मागायचं राहिलं. सगळे झोपलेत, मला झोप नाही. हाफ डे टाकला, एवढी लाईन लावली, समोर उभी राहिले आणि माझं काही मागितलंच नाही. हे नक्की काय झालं ते मला अजून कळत नाहीये.

मागायचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. रीडेव्हलपमेंटच्या बिल्डरकडून येणारं भाडं परत थांबलंय. ऑफिसमधल्या त्या पोस्टचं शुक्रवारी कळलं, नाहीच झालं. आईचं चालूच आहे. दादाशी तर... जाऊ दे. डोंबिवलीपासून दादरपर्यंत ट्रेनमध्ये उभ्याने मी सगळं मनात जुळवत आले, कारण गाभाऱ्यासमोर आपल्याला मिळतात किती सेकंद, डोळे मिटले नाहीत तोवर मागून 'चला ताई, पुढे चला' सुरू होतं, म्हणून आधी भाडं, मग आई, मग बाकीचं, असं ठरवूनच ठेवलं होतं. पोस्टचं आता काय मागणार, ती तर गेली, पण का गेली एवढं तरी विचारणार होते.

आणि मग त्या बाई भेटल्या.

लाईनीच्या बाहेर उभ्या होत्या, हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी, आत एक्स-रेचं मोठं पाकीट आणि फाईल. "ताई, किती टाइम लागंल वो?" दीड-दोन तास तरी, मी म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. चारच्या आत परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला परत पोचायचं होतं, डॉक्टरांनी बोलावलं होतं, आणि एल्फिन्स्टनचा पूल बंद आहे म्हणजे टॅक्सीवाला टिळक पुलावरून फिरवून नेणार, तेवढे पैसे नाहीत. मी सांगितलं, प्रभादेवी स्टेशनच्या पादचारी पुलावरून चालत परळला उतरता येतं. सांगोल्याकडच्या. मालकांना ॲडमिट केलंय, स्वतः दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतायत. "आमचा द्येव पंढरीचा, पन हितं आलोय तर ह्यालाबी सांगावं म्हटलं."

मग एक जास्वंद आणि दुर्वांची जुडी माझ्या हातात दिली. दुर्वा कोमेजलेल्या, देठाला ओला दोरा घट्ट गुंडाळलेला, बहुतेक सकाळपासून हातातच असणार. माझ्यातर्फे वाहा म्हणाल्या. देवाला नाव काय सांगू, मी विचारलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणून जरा थांबल्या, पदर सारखा केला आणि अगदी हळू सांगितलं. इथे लिहीत नाही. सवयीने मी म्हटलं, बरे होतील हो ते, मी सांगते देवाला. तर त्या म्हणाल्या, "बरं हू दे असं नगा म्हनू ताई. डॉक्टरसायबांनी समदं सांगितलंय आमास्नी. निस्तं दुखू देऊ नगो म्हना. रातच्याला लई दुखतंय त्यास्नी."

आणि गेल्या. भरभर चालत, वळूनही बघितलं नाही.

पुढे लाईनीत मी माझं परत जुळवायला घेतलं. भाडं, आई, बाकीचं. पण आत गेले, तो शेंदरी रंग दिसला, उजव्या सोंडेची ती मूर्ती, आणि तोंडातून त्यांच्या मालकांचं नाव आणि 'त्यांना दुखू देऊ नकोस' एवढंच आलं. फूल दिलं, दुर्वा दिल्या, पुढे ढकलली गेले. झालं.

बरं, तेवढ्यावर संपलं असतं तर म्हटलं असतं गडबडीत राहिलं. पण चांदीचा उंदीर होता ना. त्याच्या एका कानावर हात ठेवायचा आणि दुसऱ्या कानात सांगायचं, तिथे कोणी तेवढं ढकलत पण नाही. वाकले, तोंड कानाशी नेलं, आणि परत तेच. दुखू देऊ नकोस. मला माझं आठवत होतं! विसरले असते तर गोष्ट वेगळी. सगळं ओठांवर होतं आणि बोलवेना.

बाहेर आल्यावर मला राग आला. खरंच आला. त्या बाईंचा नाही, देवाचा. मी काय बंगला मागत होते का, बिल्डरनेच कबूल केलेलं भाडं वेळेवर येऊ दे एवढंच होतं. वर्षानुवर्षं मंगळवार धरते, उपास करते, कुणाचं वाईट चिंतलं नाही, आणि एवढ्या दिवसांनी समोर उभं राहायला मिळालं तर तो वेळ पण दुसऱ्याच्या नावावर गेला. माझ्यासाठी कोण मागणार मग? ट्रेनमध्ये ठाण्यापर्यंत डोळे भरून येत होते, खिडकीकडे तोंड करून बसले.

आज हे देवळाचं पण डोक्यात येतंय. ते १८०१ साली बांधलं गेलं, आगरी समाजातल्या देऊबाई पाटील यांनी त्यासाठी पैसा दिला. त्यांना मूल नव्हतं. माझ्या ओटीत नाही आलं तरी इथे येणाऱ्या बायकांची इच्छा पुरी होऊ दे, म्हणून त्यांनी देऊळ उभं केलं असं सांगतात. आजी लालबागच्या चाळीत ही गोष्ट सांगायची तेव्हा मला त्या बाईचं वाईट वाटायचं, मी विचारायचे, मग त्यांना काय मिळालं? आजी म्हणायची, गप झोप. पण आज मला दुसरंच काहीतरी विचारावंसं वाटतंय. दुसरीला मूल झालं की ती नवस फेडायला यायची असेल, बाळाला पायावर घालायची असेल, तेव्हा देऊबाईंच्या मनात काय व्हायचं? आनंद व्हायचाच असेल. पण कधीतरी घरी जाऊन त्या पण देवावर अशाच रागावल्या असतील का? मला वाटतं रागावल्या असतील. रागावून परत दुसऱ्या दिवशी देवळात गेल्या असतील. दुसऱ्यासाठी मागितलं म्हणून आपलं दुःख कमी होतं असं मला आज तरी वाटलं नाही. माझं होतं तेवढंच आहे. भाड्याचा मेसेज आत्ता पण बघितला, आलेला नाही.

फक्त एक आहे. त्या बाईंनी जेवढं मागितलं तेवढं मला कधी मागता आलं नसतं. मी नेहमी सगळं मागते, आई ठणठणीत होऊ दे, गुडघे पहिल्यासारखे होऊ देत. संध्याकाळी घरी आल्यावर तिच्या पायाला तेल लावताना मी पहिल्यांदा विचारलं, आज रात्री कुठे दुखतंय? ती म्हणाली, डाव्या घोट्याला. इतके महिने मी गुडघेच चोळतेय. तिला म्हटलं, सांगायचं ना गं. तर म्हणे, तू एवढी दमून येतेस.

घोट्याला लावलं. झोपली लवकर.

आता चिडचिड उतरलीये थोडी. माझं मागायचं राहिलं ते राहिलं, त्याला माहीत नाही असं थोडंच आहे. सोमवारी सोसायटीतल्या बाकीच्यांना घेऊन बिल्डरच्या ऑफिसात जायचंय, तिथे मात्र मीच बोलणार आहे, सगळे कागद काढून ठेवलेत. पुढच्या मंगळवारी जमलं तर परत लाईन लावेन. आधी त्यांच्या मालकांचं नाव घेईन, नंतर आईचा डावा घोटा, आणि ढकललं नाही तर भाड्याचं.