पुड्याची मागची बाजू

दुपारी साडेतीनपर्यंत ताई ४०० किलोमीटरच्या सायकल राइडमधल्या २०१ किलोमीटरच्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेत शिक्का घ्यायच्या ठिकाणी, पोचायला हव्या होत्या. चार वाजले, साडेचार वाजले. त्यांच्या मागून निघालेले तिघे शिक्का घेऊन पुढे गेलेसुद्धा. चार पन्नासला त्या आल्या त्या सायकल हाताने ढकलत. ओठ पांढरे, जर्सीवर उलटीचे डाग. मला पाहून म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सांगितलंत तसंच केलं हो सगळं."

हे वाक्य मला फार लागलं, कारण ते खरं होतं.

मी क्रीडा आहारतज्ज्ञ आहे. लांब पल्ल्याचे सायकलस्वार माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते, बाँकची. पाय अचानक रिकामे होतात, डोकं चालत नाही, साधा चढ भिंतीसारखा वाटतो. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ३५० ते ४०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, मावतं. सगळं मिळून २००० कॅलरींच्या आसपास. तेवढ्यावर दिवसभराची राइड निघत नाही, मग वाटेत खावंच लागतं. ताई आदल्या ३०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये, शेवटच्या टप्प्यात अशाच रिकाम्या झाल्या होत्या. वेळेत पोचल्या, पण पोचल्यावर बराच वेळ त्यांना बोलताही येत नव्हतं. पेशाने शिक्षिका, वय ४३, वजन ५८ किलो, आणि हाती घेतलेलं काम पुरं करायचा स्वभाव. ४०० ची तयारी करताना मी त्यांना लिहून दिलं: तासाला ९० ग्रॅम कर्बोदकं. साठ बाटलीतल्या पेयातून, तीस जेलमधून (पाकिटातला घट्ट गोड पाक), दुसऱ्या बाटलीत साधं पाणी.

हा आकडा मी हवेतून काढला नव्हता. लांब पल्ल्यासाठी ९० ग्रॅमची शिफारस संशोधनातूनच आलेली आहे. पण तिच्या पोटात एक अट दडलेली असते, आणि ती मी कागदावर उतरवलीच नव्हती.

या राइडला मी मुद्दाम गेले होते. बीआरएमच्या नियमाप्रमाणे मदतनीसाला स्वाराला फक्त कंट्रोलवरच भेटता येतं, मधल्या वाटेत त्याचं त्याने बघायचं. सकाळी सहाला सुरुवात. ९८ किलोमीटरच्या पहिल्या कंट्रोलवर ताई दहा वाजून पाच मिनिटांनी आल्या, तेव्हा अगदी ताज्यातवान्या होत्या. "सगळं वेळेवर खातेय," म्हणाल्या. तासाला २४ चा वेग त्यांच्या नेहमीच्या वेगापेक्षा जास्त आहे हे मला जाणवलं होतं, ऊनही चढायला लागलं होतं. मी काही बोलले नाही. चेहऱ्यावरचा आनंद बघून गप्प बसले.

आता त्या सावलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. आधी धोक्याच्या गोष्टी तपासल्या. नाव, वार, पुढचा कंट्रोल किती किलोमीटरवर, सगळं नीट सांगितलं. डोकं दुखत नव्हतं, बोटं सुजलेली नव्हती, अंगठी सैल फिरत होती. सकाळपासून लघवी एकदाच झाली होती. पाणी प्रमाणाबाहेर पिऊन रक्तातलं सोडियम घसरतं तेव्हाही मळमळ होते आणि माणूस गळून जातो. अशा वेळी आणखी पाणी पाजणं जिवावर बेतू शकतं, त्यामुळे हे आधी बघावंच लागतं. इथे ती लक्षणं नव्हती. पाणी कमीच पडलं होतं.

"पोट कसं वाटतंय?"

"दगड ठेवल्यासारखं. आतमध्ये सगळं डुचमळतंय. एक वाजल्यापासून काहीच आत गेलं नाही. शेवटच्या तीस किलोमीटरमध्ये दोनदा उलटी झाली."

मी त्यांची पिशवी उघडली. पेयाच्या पावडरीचा पुडा वेगळाच होता. "तुम्ही सांगितलेली संपली होती दुकानात," त्या म्हणाल्या, "ही पण कार्बचीच आहे ना?"

पुडा उलटा करून घटक वाचले. माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, मीठ, स्वाद. जेलच्या पाकिटावरही माल्टोडेक्स्ट्रिन. फ्रुक्टोज कुठेच नाही, साधी साखरसुद्धा नाही. मी तिथेच खाली बसले.

डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच, आणि माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे ग्लुकोजच्याच साखळ्या. पोटात त्या सुटतात आणि ग्लुकोज होतं. ग्लुकोजला आतड्यातून रक्तात जायला मुख्य दार एकच, आणि त्यातून तासाला साधारण ६० ग्रॅमच पलीकडे जातं. फ्रुक्टोजचं दार वेगळं आहे. म्हणून दोन्ही मिसळून, दोनास एक अशा प्रमाणात घेतलं तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. माझ्या कागदावरची ९० ही त्या मिश्रणाची होती. ताईंनी ९० ग्रॅम ग्लुकोज एकाच दारावर लोटलं होतं, सकाळी सहापासून दुपारी एकपर्यंत. दर तासाला उरणारा भाग आतड्यात साचत गेला आणि शरीरातलं पाणी आत ओढत राहिला. त्यात ऊन, त्यात वेग. जोर लावून सायकल चालवताना रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं, पोटाच्या वाट्याला थोडं उरतं. साध्या पाण्याची बाटली अकरालाच संपली होती, तेव्हा जेलवरही त्या गोड पेयच पीत होत्या.

आणखी एक विचारलं, "सरावात तासाला ९० घेतले होतेत?"

"साठ घेतले होते. तीन तासांच्या राइडला, सकाळी गारव्यात."

पायांना जसा सराव लागतो तसाच आतड्यालाही लागतो. काही आठवडे, लांब राइडला, ४० वरून हळूहळू चढत जायचं, आणि ज्या उन्हात राइड होणार त्या उन्हात. हे मी त्यांना तोंडी सांगितलं होतं. तोंडी सांगितलेलं आणि कागदावर लिहिलेलं यांत लोक कागदाचं ऐकतात, आणि ते बरोबरच आहे.

कंट्रोल ७ वाजून २४ मिनिटांनी बंद होणार होता. म्हणजे हाताशी अडीच तास होते आणि घाई करायची काही गरज नव्हती. ताईंना मात्र लगेच निघायचं होतं. "रिकाम्या पोटी परत बाँक होईल, एखादं जेल देताच का?" त्यांचा हात पिशवीकडे गेला. मी पिशवी माझ्याकडे ओढून घेतली. भरून वाहणाऱ्या माठात आणखी ओतून काय होणार होतं?

बूट काढायला लावले, मानेवर ओलं फडकं ठेवलं. पहिली पंचवीस मिनिटं पोटात फक्त पाण्याचे छोटे घोट. दरम्यान गोड पाण्याने चूळ भरून थुंकायला सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. पण यालाही आधार आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकलपटूंनी साधारण तासाभराच्या चाचणीत माल्टोडेक्स्ट्रिनच्या पाण्याने नुसत्या चुळा भरल्या, गिळलं काहीच नाही, तरी त्यांचा वेळ जवळजवळ ३ टक्क्यांनी सुधारला. तोंडाला साखरेची चाहूल लागली की मेंदू थोडा सैल सोडतो. यातून ऊर्जा मिळत नाही. पण खचलेल्या माणसाला चार मिनिटांत मान वर करताना मी पाहिलं आहे, त्या दिवशीही पाहिलं.

मग ओआरएस. एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ. खेळाच्या पेयाच्या मानाने हे अगदीच फिकं लागतं. पण ग्लुकोजच्या त्या दारातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात आणि पाठोपाठ पाणी ओढून नेतात. ज्या दारावर सकाळपासून गर्दी उसळली होती, तेच दार आता बेताने वापरायचं होतं. चमचा-चमचा करत अर्धा लिटर गेलं. पावणेसहाला ताईंनी ढेकर दिली. मला हायसं वाटलं. मग मीठ लावलेल्या उकडलेल्या बटाट्याच्या दोन फोडी, सावकाश चावून. दहा मिनिटं थांबलो. राहिलं पोटात.

निघताना जुना कागद फाडला आणि नवा लिहिला. पहिला तास ३० ग्रॅम, नंतर ४०. अर्धं केळं किंवा एक बटाटा, आणि बाटलीत साध्या साखरेचं पातळ पाणी, चिमूटभर मीठ घालून. साध्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे-निम्मे असतात, म्हणजे दोन्ही दारं उघडी. खाणं घड्याळावर, पाणी तहानेवर. आणि वेग असा की पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. हे सगळ्यांत महत्त्वाचं, कारण मंद वेगात शरीर चरबी जास्त वापरतं. तासाला ४०० कॅलरी लागत असताना ४० ग्रॅममधून १६० च मिळतात, बाकीच्या त्या साठ्यातून येऊ शकतात. वेग वाढवला की हे गणित मोडतं.

"एवढ्यावर २०० किलोमीटर होतील?"

"होतील. पण मागचे लोक पुढे जातील, त्यांना जाऊ द्या."

सहा वाजून पाच मिनिटांनी त्या निघाल्या. मागचा लाल दिवा वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी तिथेच उभी होते. नवीन कागद बरोबर आहे अशी माझी खात्री होती, पण सकाळचा कागद देतानाही ती होतीच.

३०२ किलोमीटरचा कंट्रोल रात्री २ वाजून ८ मिनिटांनी बंद होणार होता. ताई १२ वाजून ३५ मिनिटांनी आल्या, सायकलवर बसून. हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, भूक लागलीय."

भात होता, मीठ घालून. त्यांनी दोन वाट्या खाल्ला आणि तिसरी मागितली. मी अर्धीच दिली. सकाळी ७ वाजून ३५ मिनिटांनी त्यांची राइड पूर्ण झाली.

सोमवारी मी माझ्याकडच्या सगळ्या सायकलस्वारांना निरोप धाडला: वापरता त्या पावडरीच्या पुड्याच्या मागच्या बाजूचा फोटो आजच पाठवा. पहिला फोटो ताईंचाच आला. नव्या पुड्यावर फ्रुक्टोजखाली त्यांनी पेनने रेघ मारली होती.