मलावीत आमचं बिऱ्हाड

सुट्टीवर नाशिकला आलो की आमच्या चर्चच्या मंडळीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती जणांचा बाप्तिस्मा झाला?" मी आता सरळ सांगून टाकते की आम्ही आफ्रिकेतल्या मलावी देशात गेलो तेव्हाच तिथले बहुतेक लोक ख्रिस्ती होते. २०१८च्या जनगणनेप्रमाणे मलावीत ७७ टक्के ख्रिस्ती आणि सुमारे १४ टक्के मुसलमान आहेत. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीनं आम्हाला बोलावलं ते वेगळ्या गरजेपोटी. एकेका पाळकाकडे, म्हणजे पाद्र्याकडे, इतक्या वाड्या असतात की रविवारची उपासना गावातली वडील माणसंच चालवतात, आणि त्यांना शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवायला कुणी नसतं. आमचे हे त्यांना शिकवतात. मी नर्स. पण तिथली नोंदणी मिळून दवाखान्यात हात लावायला मिळेपर्यंत बराच काळ गेला. त्या काळात मी काय केलं, असं कुणी विचारलं तर उत्तर आहे : कागद, पाणी, बाजार, मुलांचा अभ्यास आणि मयती.

कागदांपासून सुरुवात करते, कारण ते अजूनही संपलेले नाहीत. पदवीचं प्रमाणपत्र आधी मंत्रालयात साक्षांकित करून घ्यायचं, मग त्यावर परराष्ट्र खात्याचं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा शिक्का. दोघांची पीसीसी, म्हणजे पोलिसांचा दाखला, पासपोर्ट सेवा केंद्रातून. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, सगळ्याच्या प्रती. तिथल्या कामाच्या परवान्याला सगळे टीईपी म्हणतात. तो हातात येईपर्यंत आम्ही पाहुण्यांच्या व्हिसावर होतो आणि त्याची मुदत वाढवत राहिलो. परवान्यासाठी बोलावणाऱ्यांना लिहून द्यावं लागतं की या कामाला स्थानिक माणूस मिळत नाही. हे वाक्य मला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. माणसं आहेत, हुशार आहेत. त्यांना शिकायला पाठवायला पैसे नाहीत, एवढीच गोष्ट आहे. पण फॉर्मवर तेवढं लिहायला जागा नसते.

या कामासाठी ब्लँटायर शहरात खेपा व्हायच्या. कार्यालयात "जेवणानंतर या" म्हणाले की आम्ही सेंट मायकेल अँड ऑल एंजल्स चर्चमध्ये जाऊन बसायचो. लाल विटांचं हे चर्च १८८८ ते १८९१ या काळात उभं राहिलं. बांधून घेणारे स्कॉटिश मिशनरी डेव्हिड क्लेमेंट स्कॉट वास्तुविशारद नव्हते, विटा तिथेच पाडल्या आणि काम केलं ते तिथल्याच मजुरांनी. कमानी, घुमट, मनोरे, सगळं आहे. धाकटा तिथल्या गवतावर झोपून जायचा.

आमचं घर चिराझुलू जिल्ह्यात, ब्लँटायर आणि झोंबा यांच्या मधे. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, मागे आंब्याचं झाड. नळ नाही. पाण्याला हातपंप, तिथे पहाटेपासून बायकांची रांग. वीज आहे असं म्हणायचं. २०२२च्या जानेवारीत अ‍ॅना वादळानं शिरे नदीवरचं कपिचिरा धरण फोडलं आणि देशाच्या विजेतला मोठा हिस्सा एका फटक्यात गेला. आम्ही त्याच वर्षाच्या शेवटी पोचलो, तेव्हा दिवे कधी येतील हे शेजाऱ्यांना विचारणंही आम्ही लवकरच सोडून दिलं. स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर, तिला तिथे म्बाउला म्हणतात. त्यावर कुकर लावायचा तर आच कमीजास्त करता येत नाही. शिट्ट्या मोजायच्या आणि कुकर उचलून खाली ठेवायचा. नवीन येणाऱ्यांना मी एकच सल्ला देते : कुकरच्या रिंगा चार जास्तीच्या आणा, बाकी सगळं मिळतं.

जेवणाचा प्रश्न मात्र कधी आला नाही. न्सिमा म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड, हातानं मोडून भाजीला लावून खायची. आधी पाहुण्याच्या हातावर पाणी घालतात, मग उजव्या हातानं जेवतात, त्यामुळे मुलांना काही नवीन शिकवावं लागलं नाही. भाज्यांत माठ आहे, मोहरीचा पाला आहे, भोपळ्याची पानं आहेत, आणि त्यात घालायला चक्क दाण्याचं कूट. माझ्या सासूबाई फोनवर हे ऐकून म्हणाल्या, "मग तुम्ही परदेशात गेलात कुठे?"

आम्ही भारतीय असणं ही गोष्ट मात्र आम्ही धरली होती त्याहून अवघड निघाली. गोरा मिशनरी आला तर त्याचं काय करायचं हे लोकांना दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. भारतीय माणूस म्हणजे दुकानदार. मलावीतले भारतीय बहुतांश गुजराती, आणि देशाचे पहिले अध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांच्या राजवटीत १९७०च्या दशकात त्यांना खेड्यापाड्यांतला धंदा सोडून मोजक्या शहरांत जावं लागलं. त्यामुळे आमच्या वाडीत कित्येकांनी शेजारी भारतीय कधी पाहिलाच नव्हता. पाहिला तो ब्लँटायरच्या किंवा शेजारच्या लिंबेच्या दुकानात, गल्ल्यावर. पोरं "अम्वेन्ये, अम्वेन्ये" करत मागे यायची, म्हणजे भारतीय. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ दारात "ओदी" म्हणून उभे राहिले. बाहेरून हाक मारायची ती तशी. ख्यालीखुशाली झाली, मुलांची झाली, पावसाची झाली, आणि मग त्यांनी विचारलं, साखर काय भाव आहे? ह्यांनी सांगितलं की दुकान नाही. ते समजूतदारपणे म्हणाले, "बरं, उघडलं की सांगा."

यावर उपाय म्हणून आम्ही काही खास केलं नाही, आणि करता आलंही नसतं. भाषा शिकलो. चिचेवात सकाळी "म्वाझुका ब्वांजी", उठलात कसे, आणि दुपारनंतर "म्वास्वेरा ब्वांजी", दिवस कसा गेला, असं विचारल्याशिवाय पुढचं बोलणं सुरूच होत नाही. घाईत असलं तरी नाही. मला हे जमलं, कारण आमच्या नाशिकच्या शरणपूरला उपासना सुटल्यावर दारात अर्धा तास उभं राहायची सवय. ह्यांना जड गेलं. मुलांना कुणी शिकवलंच नाही, ती आपोआप बोलायला लागली.

तुरीनं मदत केली, हेही खरं. चिराझुलूत मक्याच्या ओळींमधून तूर लावतात, तिला नांदोलो म्हणतात. कोवळ्या शेंगा उकडून खातात, वाळलेली तूर बहुतेक विकतात, आणि ती जाते भारतात. २०१७मध्ये भारतानं तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली तेव्हा इथले भाव कोसळले, ते लोक विसरलेले नाहीत. पुढे २०२१मध्ये दोन्ही सरकारांचा करार झाला, वर्षाला ५०,००० टन तूर घेण्याचा. त्यामुळे ह्यांचा बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा वर्ग संपला की मंडळीतली वडील माणसं वह्या मिटायची आणि विचारायची, "आबुसा, यंदा तुमच्याकडे पाऊस कसा आहे?" आबुसा म्हणजे पाळकसाहेब. हे पहिल्यांदा भारावून गेले की लोक किती आपुलकीनं चौकशी करतात! मग कळलं, मराठवाड्यात पाऊस पडला की चिराझुलूत तुरीचा भाव पडतो. तेव्हापासून हे फोनवर लातूरच्या बाजाराचे भाव बघून ठेवतात. शास्त्राच्या जोडीला हाही एक विषय झाला.

पण आम्ही दुकानदार नाही हे लोकांना पटलं ते मयतीला. तिथे मयतीला जायचं की नाही हा प्रश्न नसतो. कुणी गेलं की शेतातली कामं थांबतात. बायका घरात शवपेटीभोवती चटयांवर बसून गात राहतात, पुरुष बाहेर. कबर खणणाऱ्यांचा वेगळा गट असतो. येणाऱ्यानं पीठ, लाकडं किंवा पैसे आणायचे. वाडीतले एक म्हातारे गृहस्थ गेले तेव्हा शेजारच्या आजी, त्यांना आम्ही सगळ्यांसारखं आगोगो म्हणतो, मला घ्यायला आल्या. माझ्या पंजाबी ड्रेसवर त्यांनी स्वतःच्या हातानं चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, गुंडाळलं, पिठाची पाटी माझ्या हातात दिली आणि पुढे चालू लागल्या.

तिथे गेल्यावर कुणीतरी लगबगीनं माझ्यासाठी खुर्ची आणली. परदेशी बाईला खाली कसं बसवायचं? आगोगोंनी ती खुर्ची परत पाठवली आणि मला आपल्या शेजारी चटईवर ओढलं. मागच्या अंगणात मोठ्या हंड्यांवर स्वयंपाक चालला होता. थोड्या वेळानं मला तिकडे धाडलं आणि भोपळ्याच्या पानांचा ढीग समोर आला. देठ टोकाशी मोडायचा आणि त्याला धरून दोरा पानापर्यंत सोलत आणायचा, नाहीतर शिजल्यावर तोंडात येतो. पानांवर बारीक लव असते, ती बोटांना टोचते. दुपारपर्यंत माझा अंगठा काळाहिरवा झाला. गाणी मला येत नव्हती, चाली मात्र ओळखीच्या निघाल्या. त्याच स्कॉटिश आणि अमेरिकन चाली, ज्यांवर आमची जुनी मराठी गीतं आहेत. मी हळूच मराठीतून म्हणत होते. शेजारची बाई ऐकत होती, काही बोलली नाही.

त्यानंतर एक फरक पडला. तोपर्यंत हातपंपावर मी गेले की बायका माझी बादली रांगेत पुढे सरकवायच्या, पाहुणी म्हणून. मी कितीही नको म्हटलं तरी. आता कुणी सरकवेना. सगळ्यांसारखी उभी राहा, तुझा नंबर आला की भर. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "मग आजपासून पाणी आणायला तासभर जास्त लागणार!" लागायला लागलाच.

तो काळ कॉलऱ्याचा होता. २०२२-२३ची साथ मलावीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी, १,७००हून अधिक माणसं गेली. नोंदणी नसल्यामुळे मी सलाइन लावू शकत नव्हते. पण पाण्यात क्लोरीन किती घालायचं, मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं आणि कधी पेशंटला काबाझावर, म्हणजे सायकल-टॅक्सीवर, बसवून पळायचं, हे अंगणात बसून सांगायला कुणाच्या सहीची गरज नव्हती. साथ ओसरत होती तोच २०२३च्या मार्चमध्ये फ्रेडी वादळ आलं. दिवसरात्र पाऊस. घरं विटामातीची, ती विरघळून खाली बसली. त्या दिवसांबद्दल मी लिहू शकेन असं मला वाटत नाही. प्रार्थनाघरात कुटुंबं राहायला आली आणि ह्यांचा वर्ग कित्येक आठवडे बंद राहिला, एवढंच.

त्याच काळात एका संध्याकाळी मंडळीतल्या एका वृद्ध गृहस्थांशी बोलताना नाशिकचा विषय निघाला. मी त्यांना सांगितलं की १८६६मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेतल्या शेवटच्या सफरीवर निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर नाशिकच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढलेले नऊ तरुण होते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणून शिकवायचे. त्यांच्या सफरीतला सोबती चुमा हा तर इकडचाच, याओ जमातीचा. १८६१मध्ये गुलामांच्या तांड्यातून सुटला आणि पुढे मुंबईत मिशनरी डॉक्टर विल्सन यांच्या शाळेत राहिला. १८७३मध्ये लिव्हिंगस्टन वारले तेव्हा अंत्यविधीचे शब्द वाचले ते नाशिकच्या शाळेत शिकलेल्या जेकब वेनराइटनं. त्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते स्वतः याओ. म्हणाले, "म्हणजे आमची पोरं तुम्ही ठेवून घेतली होतीत. बरं झालं, तुम्ही दोन आणलीत." आणि माझ्या मुलांकडे बघून खो खो हसले.

पैशांचं थोडं सांगते, कारण ते कुणी विचारत नाही आणि सगळ्यांच्या मनात असतं. आमचा खर्च नाशिक आणि पुण्याच्या मंडळ्या रुपयांत पाठवतात. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये क्वाचाचं, म्हणजे मलावीच्या चलनाचं, अवमूल्यन झालं, डॉलरला सुमारे १,१८० होते ते १,७०० झाले. आमच्या रुपयांचे एकदम जास्त क्वाचा मिळायला लागले आणि शेजाऱ्यांचं मक्याचं पीठ महाग झालं. जानेवारी-फेब्रुवारी तसेही उपासमारीचे महिने, जुना मका संपलेला आणि नवा उभा. त्या महिन्यांत दारावरची "ओदी" वाढते. सगळ्यांना देता येत नाही, कुणालाच द्यायचं नाही हेही जमत नाही. आम्ही नियम करतो आणि मोडतो.

आता मोठा प्रश्न थोरलीचा आहे. सरकारी शाळा फुकट आहे, पण एका वर्गात शंभरावर मुलं. ब्लँटायरची खासगी शाळा परवडत नाही. म्हणून बालभारतीची पुस्तकं डाउनलोड करायची, वीज असेल तेव्हा टॅब चार्ज करायचा आणि सकाळी जेवणाच्या टेबलावर शाळा. गणित हे घेतात, बाकी मी. दहावी जवळ आली की हे पुरणार नाही. माझे वडील म्हणतात तिला नाशिकला ठेवा, आम्ही आहोत ना. ती म्हणते, ठेवाल तर आगोगोंनाही पाठवा. अजून ठरलं नाही.

परवान्याचं नूतनीकरणही लटकलं आहे. यावेळी धाकट्याच्या फोटोत कान नीट दिसत नाहीत म्हणून फाइल परत आली. नवा फोटो काढून झाला आहे, सोमवारी ब्लँटायरला जायचं. परतताना लिंबेहून तूरडाळ आणायची आहे. घराभोवती तूर उभी आहे, पण डाळ करायची गिरणी तिकडे शहरात.