हिवाळी नोंदवही: भरतीच्या वेळेने काढलेला दिवस

या हिवाळ्यात एक सवय बदलली. आधीचे दोन हिवाळे मी उजाडायच्या आत खाडीवर हजर व्हायचो, कारण रानातल्या पक्ष्यांसाठी तीच वेळ. पण चिखलावर चरणाऱ्या पक्ष्यांना दिवस-रात्र सारखीच, त्यांचं सगळं पाण्यावर अवलंबून. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते दूरवर पांगतात आणि स्कोपमधूनही (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) नुसते ठिपके दिसतात. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, तेव्हा ठरलेली वेळ धरून उपयोग नाही. काल भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून भरतीच्या अडीच तास आधी, ऊन पाठीशी येईल अशा काठावर बसलो. पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस, चांगलं उधाण. पाणी चढत गेलं तसे थवे आपोआप जवळ सरकले.

एका कर्ल्यूने, म्हणजे चिखलावरच्या मोठ्या पक्ष्याने, लांब वाकडी चोच मुळापर्यंत खुपसून खेकडा काढला, आपटून त्याचे पाय सुटे केले आणि मग गिळला. शेजारी त्याचाच धाकटा भाईबंद व्हिम्ब्रेल होता: चोच आखूड, माथ्यावर गडद पट्टे. रेडशँक, ग्रीनशँक, तुतवार, चिखल्या, दोन जातींचे कुरव, सगळे नेहमीचे.

खरी कमाई छोट्या करड्या पक्ष्यांत झाली. किंचित वाकड्या चोचीचे साठेक पक्षी होते, ज्यांना मी दोन वर्षं वहीत डनलिन (अशाच दिसणाऱ्या एका जातीचं नाव) लिहीत आलो. अचानक बहिरी ससाणा आला आणि अख्खा थवा उडाला. उडताना बहुतेकांची शेपटीवरची जागा स्वच्छ पांढरी! डनलिनला तिथे मधोमध गडद रेघ असते. म्हणजे हे कर्ल्यू सँडपायपर. थवा पुन्हा बसल्यावर बाकीच्या खुणाही पटल्या: पाय आणि मान लांब, भुवई ठळक, चोच हळूहळू वाकत गेलेली, डनलिनची चोच टोकाशीच झुकते. पांढऱ्या जागेवर रेघ असलेले जेमतेम चार-पाच मोजता आले. जुन्या वहीतल्या सगळ्या 'डनलिन'पुढे आता प्रश्नचिन्ह टाकलंय, कारण फोटो नसताना अंदाजाने नाव बदलणंही बरोबर नाही.

शेवटी, पाणी काठाला लागल्यावर, विसावलेल्या थव्यात एक बार-टेल्ड गॉडविट दिसला. याच जातीच्या, टॅग लावलेल्या एका अल्पवयीन पक्ष्याने 2022 मध्ये अलास्का ते टास्मानिया 13,560 किमी अंतर 11 दिवसांत न थांबता कापलं होतं. याच्या पायावरही फ्लॅग, म्हणजे ओळखीसाठी लावलेली अक्षरांची रंगीत पट्टी! पण तो एका पायावर झोपलेला, आणि फ्लॅगचा पाय अर्धा पिसांत. जवळ जायचा मोह आवरला. ससाण्याने एकदा उडवलेल्या थव्याला मी पुन्हा उडवणं बरं नव्हतं. पाऊण तासाने त्याने पाय खाली टेकला. फ्लॅगचा रंग आणि जागा (उजव्या पायाचा वरचा भाग), एवढं टिपलं. फोटोत दोन अक्षरं स्पष्ट आहेत, तिसऱ्यावर चिखल आहे. पुढच्या उधाणाला त्याच काठावर.