दोन पोती पाचोळ्याचा ठराव

घरच्या घरी खत करणं अवघड नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून एखादी बादली घेता घेता थांबायची. अवघड काही असेल तर ते पाचोळा मिळवणं. आणि तोही कुठला, तर आपल्याच सोसायटीच्या आवारात, आपल्याच मेंटेनन्सच्या पैशांतून झाडला जाणारा.

संक्रांतीनंतर मी घरातलं एकेक बदलायला घेतलं. कापडी पिशव्या, मासे आणायला स्वतःचा डबा, भांड्यांना रिठ्याचं पाणी, हे सगळं सहज अंगवळणी पडलं. (रिठ्याचं पाणी फ्रीजबाहेर टिकत नाही, आंबून वास मारतं. थोडं थोडंच उकळा.) सुका कचरा वेगळा द्यायची सवय आधीपासून होती, कारण आमच्याकडे येणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई मिसळलेली बादली सरळ परत करतात, आणि बरोबर करतात. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, हेही त्यांच्याकडूनच कळलं. राहिला ओला कचरा. पुण्याचा कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं नाकाला पदर लावून सोसला. निदान आपल्या घरची भाजीची देठं तरी त्यांच्या दिशेने जाऊ नयेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

महागडा डबा घेतला नाही. रंगकाम झाल्यावर उरलेल्या वीस लिटरच्या बादल्यांना ड्रिलने भोकं पाडली, खाली ट्रे ठेवला आणि ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी मांडल्या. विरजण म्हणून आंबट ताक आणि गुळाचं पाणी शिंपडलं. इथपर्यंत सगळं एका रविवारात उरकलं.

आता त्या पाचोळ्याबद्दल. ओल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर, कर्ब (कार्बन) कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना मात्र एक भाग नत्राला साधारण तीस भाग कर्ब लागतो. तो वाळक्या पानांत असतो. शिवाय पानांमुळे थरांत हवा खेळते. पानं नसली की बादलीत चिखल होतो, हवा कोंडते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. लोक म्हणतात, ‘आम्ही केलं होतं खत, पण फार घाण वास यायचा’, त्यांच्याकडे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. म्हणून जेवढा ओला कचरा, निदान तेवढाच पाचोळा घालायचा. पावसाळ्यात त्याहून जास्त.

कोकोपीटची वीट विकत मिळते, सुरुवातीला मीही आणली. पण खाली बदामाच्या, करंजाच्या आणि पर्जन्यवृक्षाच्या पानांचे ढीग पडलेले असताना दक्षिणेतून आलेला नारळाचा भुसा पैसे देऊन विकत घ्यायचा, हे काही मनाला पटेना. म्हणून सेक्रेटरी काकांना विचारलं.

“काका, खालच्या पाचोळ्यातली दोन पोती वर नेली तर चालेल ना?”

“कशाला?”

“खताला.”

“म्हणजे तू खालचा कचरा वर नेणार?” त्यांनी चष्मा काढला. “असं कसं देता येईल, अगं? कॉमन एरियातलं आहे ते. अर्ज दे, कमिटीपुढे ठेवतो.”

मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती.

सोसायटीचं ऑफिस संध्याकाळी तासभर उघडतं, तेही क्लार्क आला तर. त्याने अर्ज वाचला, ‘विषय’ खोडला आणि वर पेन्सिलीने लिहिलं, ‘फ्लॅटमध्ये कचरा साठवण्यास परवानगी मिळणेबाबत’. मी म्हटलं, मला कचरा साठवायचा नाही, पाचोळा हवाय. तो म्हणाला, मॅडम, पाचोळा असा हेड नाही आपल्याकडे. शेवटी ‘आवारातील पाचोळा मिळणेबाबत’ असं मीच ठळक अक्षरांत लिहिलं आणि आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलले नाही. तुम्हालाही सांगते, पोच घ्या. पुढे अर्ज ‘सापडत नव्हता’, तेव्हा माझी शिक्क्याची प्रतच कामी आली.

पहिल्या सभेला कोरम भरला नाही. दुसरीत लिफ्टच्या करारावरून दोन विंगांत जुंपली आणि माझा विषय ‘वेळेअभावी पुढील सभेत’ गेला. तोवर पाडवा झाला, परीक्षा झाल्या, निम्मी कमिटी गावाला गेली. बदामाची लाल पानं पडायची ती पडून गेली, मग करंजाची पडली. दर आठवड्याला टेम्पो यायचा आणि सगळा पाचोळा पोत्यांत भरून घेऊन जायचा. त्या टेम्पोचं भाडं सोसायटी देते! म्हणजे नेण्यासाठी पैसे देत होतो, आणि फुकट नेते म्हणणाऱ्या सभासदाला परवानगी नव्हती.

टेम्पो चुकला की मागच्या कोपऱ्यात ढीग पेटायचा. त्याला कुणाची परवानगी लागायची नाही. एकदा खिडक्यांतून धूर आत आला तेव्हा मी खाली जाऊन सांगितलं, की उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 च्या डिसेंबरमध्येच दंड ठरवून दिलाय, साध्या जाळण्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000. आकडे ऐकल्यावर जाळणं थांबलं. परवानगीचं घोडं मात्र तिथेच अडलेलं.

झाडणाऱ्या मावशींना हा सगळा प्रकार बघवेना. “ताई, न्या की गुपचूप. मी ठेवते पोतं तुमच्या दारात.” मी नको म्हटलं. कुणी पाहिलं असतं तर बोलणी मावशींनी खाल्ली असती, मी नाही.

या काळात बादली उपाशी ठेवून चालणार नव्हतं. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ नावाचा छान उपक्रम आहे. ज्यांच्याकडे पाचोळा नको इतका आहे आणि ज्यांना तो हवा आहे, त्यांची तिथे गाठ पडते. एका बंगल्यातल्या आजींनी माझ्या गाडीत पोती कोंबून दिली, वर आलेपाकाच्या वड्या दिल्या. त्यांनी कोणताही अर्ज मागितला नाही. याशिवाय अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून घाला, उत्तम चालतात. वर्तमानपत्राच्या पट्ट्याही चालतात, पण गुळगुळीत रंगीत पुरवण्या नकोत. सुताराकडचा भुसा घेणार असाल तर अस्सल लाकडाचाच घ्या, प्लायवुडच्या भुश्यात डिंक असतो. रसवंतीतली चिपाडं आणाल तर आधी कडकडीत वाळवा, नाहीतर मुंग्यांची वरात येते.

शेवटी कमिटीने लेखी आक्षेप कळवले. उंदीर होतील. वास येईल. एकाला दिलं तर सगळे मागतील. आणि माझा सगळ्यात लाडका आक्षेप, ‘सदर पाचोळ्याची सभासदाने विक्री केल्यास जबाबदारी कोणाची?’ मी मुद्देसूद उत्तर दिलं. सोबत तेव्हा लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतली तरतूद जोडली, की बागेचा कचरा वेगळा करून आपल्याच आवारात साठवायचा आणि तो जाळायचा नाही. वाद घालण्यापेक्षा छापील नियमाची झेरॉक्स जोडा. निवृत्त मंडळी झेरॉक्सला मान देतात.

ठराव मंजूर झाला तेव्हा बाहेर धो धो पाऊस. सभासदाने स्वतःच्या जबाबदारीवर महिन्यास कमाल दोन पोती पाचोळा न्यावा, लिफ्टचा वापर करू नये. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. आणि खाली पाचोळा होता कुठे? गटाराच्या जाळीवर चिकटलेला काळा लगदा होता फक्त. तरी तो कागद हातात आल्यावर इतका आनंद झाला, की पहिलं ओलं पोतं मी मुद्दाम सेक्रेटरी काकांच्या दारावरून, सावकाश वर नेलं. गॅलरीत पसरून पंख्याखाली वाळवलं.

म्हणून पाचोळा जानेवारी ते एप्रिलमध्येच वर्षभराचा भरून ठेवा. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं सगळ्यात चांगली. बदामाची पानं तशीच टाकली तर एकावर एक चिकटून बसतात आणि खाली हवाच जात नाही. पोत्यातच पायाने तुडवून त्यांचा चुरा करा. आंबा-फणसाची पानं जाड, त्यांना फार वेळ लागतो.

पहिलं खत निघालं तेव्हा ते काळं, भुसभुशीत होतं आणि त्याला पहिल्या पावसाचा वास होता. चाळून एक भाग खत आणि तीन भाग माती घेतली. कढीपत्त्याला महिन्याभरात नवी पालवी आली.

मध्ये बादलीत राखाडी, जाड अळ्या दिसल्या तर फिनेल ओतू नका. त्या सोल्जर माशीच्या असतात, चावत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. फार झाल्या तर पाचोळा वाढवा. ओल तपासायची तर मूठभर मिश्रण दाबून बघा. हात ओलसर व्हावा, पाणी ठिबकू नये. ट्रेमध्ये पाझरलेलं पाणी दहापट साधं पाणी घालूनच कुंड्यांना द्या. लिंबाची सालं कमी, हाडं अजिबात नाहीत, अंड्याची टरफलं कुटून.

आणि हो, ठरावाची प्रत जपून ठेवा. आमचा क्लार्क दिवाळीत बदलला. नव्याने पहिल्याच दिवशी मला पोत्यासकट जिन्यात अडवलं आणि विचारलं, “मॅडम, याची परवानगी आहे का?” मोबाइलमध्ये ठरावाचा फोटो होता. तो त्याने दोनदा वाचला, मग म्हणाला, “महिन्याला दोनच लिहिलंय. हे कितवं?”