शहाबादी फरशीवरचा डाग

माझी गाडी २०१० सालची, चार सिलिंडरच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची. गेल्या दिवाळीनंतर, तिचे मीटर २,१४,००० किलोमीटर दाखवत असताना, घराच्या अंगणातील शहाबादी फरशीवर मला पहिला डाग दिसला. शहाबादी फरशी तेल पिते आणि पिलेले सहसा परत देत नाही, त्यामुळे पत्नीने तो डाग माझ्याआधी दोन दिवस पाहिला होता. बोट लावून पाहिले तेव्हा ते काळपट तपकिरी आणि पातळ होते. गिअर ऑइल असते तर त्याला गंधकासारखा उग्र वास आला असता. कूलंट असते तर ते इतके चिकट लागले नसते. म्हणजे हे इंजिन ऑइलच होते. ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर पातळी वरच्या खुणेपासून निम्म्यावर आली होती. माझ्या गाडीत दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचे अंतर आहे, तेव्हा सर्व्हिसिंगनंतरच्या हजारएक किलोमीटरमध्ये अर्धा लिटर ऑइल गेले होते.

पहिल्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवली आणि पाच मिनिटांत निदान झाले. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, त्या क्लच हाउसिंगच्या तळाशी थेंब लोंबत होता. ‘मागचे क्रँक सील गेले आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, उतरवलाच आहे तर क्लचप्लेटही टाकून घ्या,’ असे सांगून त्यांनी चौदा हजारांचा अंदाज दिला. हे निदान तर्कदृष्ट्या चुकीचे नव्हते. मागचे सील म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा गिअरबॉक्सच्या बाजूला बाहेर येतो तिथली, तेल अडवणारी कडी. ती गळू लागली की थेंब खरोखर तिथेच येतो. मला खटकले ते एवढेच, की संपूर्ण इंजिन वरपासून खालपर्यंत धूळ मिसळलेल्या जुन्या तेलाने माखलेले असताना, थेंब कुठून निघाला हे कोणी पाहिलेच नव्हते, तो कुठे पडतो एवढेच पाहिले होते. तेल उतारावर वाहते, शिवाय गाडी धावताना वारा ते मागे ढकलतो, त्यामुळे ओला भाग आणि गळतीची जागा यांत हातभराचे अंतर सहज पडू शकते. आणखी एक गोष्ट म्हणजे मागच्या सीलचे तेल क्लचवर गेले तर चढावर क्लच घसरतो. माझ्या गाडीत तसे काहीच होत नव्हते. मी विचार करून कळवतो असे सांगून गाडी घरी आणली.

रविवारी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना अल्टरनेटर, इग्निशन कॉइल आणि वायरिंगचे जोड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घेतले, तेलकटपणा काढणारा डीग्रीझर फवारला, जुन्या ब्रशने घासले आणि बादलीतल्या पाण्याने हलकेच धुतले. जोरदार फवाऱ्याचा पंप मुद्दाम वापरला नाही, कारण जुन्या गाडीत पाणी एखाद्या कनेक्टरमध्ये शिरले तर गळती राहते बाजूला आणि वेगळेच दुखणे सुरू होते. सगळे कोरडे झाल्यावर संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरली. घरातून रांगोळी वापरण्याची सूचना आली होती, परंतु रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ती इंजिनाच्या आसपासही नको असे मला वाटले. नंतर शिरवळपर्यंत जाऊन आलो. परतताना खंबाटकी घाटाची चढण होती, त्यामुळे इंजिन चांगले तापले.

घरी येऊन बॅटरीच्या प्रकाशात पाहिले आणि चित्र स्पष्ट झाले. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या, गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यात पावडर ओली होऊन काळी पडली होती. तिथून निघालेली बारीक रेघ सिलिंडर हेडवरून खाली उतरून नेमकी क्लच हाउसिंगच्या सांध्यात शिरत होती आणि तळाशी थेंब होऊन लोंबत होती. अधूनमधून सिग्नलला थांबल्यावर येणारा जळका वासही उलगडला. थोडे तेल एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीवर पडत होते. इग्निशन कॉइल उपसून पाहिल्या, तर दोन स्पार्क प्लगच्या विहिरींतही तेल साचलेले होते, म्हणजे त्यांच्याभोवतीची रबरी कडीही निकामी झाली होती.

कव्हरखालचे रबरी पॅकिंग बदलण्याचे काम गल्लीतल्या मिस्त्रींसोबत अंगणातच केले. जुने पॅकिंग काढून मी दोन बोटांत वाकवले, तर ते कटकन तुटले. रबर वर्षानुवर्षे उष्णतेत राहिले की त्याची लवचिकता जाते आणि मग ते दाबले तरी फटीत बसत नाही. म्हणूनच गळणाऱ्या कव्हरचे बोल्ट आणखी आवळणे हा उपाय नसतो. तसे केल्याने पातळ कव्हर वाकते किंवा ॲल्युमिनिअममधले आटे जातात. मिस्त्रींना स्क्रू ड्रायव्हरने जागा खरवडायची सवय होती. मी त्यांना म्हटले, ‘मिस्त्री, एवढी माझी प्लास्टिकची पट्टी वापरा,’ आणि त्यांनी हसत का होईना, पण ते मानले. हेडची कड ॲल्युमिनिअमची असते. तिच्यावर एक ओरखडा पडला तरी नवीन पॅकिंगखालून तेलाला वाट मिळते. टायमिंग चेनचे कव्हर जिथे हेडला मिळते तिथल्या दोन सांध्यांवर तेवढा सिलिकॉन सीलंट लावला, बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने टप्प्याटप्प्याने आवळले आणि सीलंट वाळावा म्हणून गाडी पूर्ण चोवीस तास जागची हलवली नाही. पॅकिंग, प्लगच्या कड्या आणि मजुरी मिळून दीड हजारांच्या आत काम झाले, आणि मी थोडा फुशारून गेलो.

बारा दिवसांनी फरशीवर पुन्हा थेंब आला. या वेळी तो पुढच्या बाजूला, पट्टा फिरवणाऱ्या क्रँक पुलीच्या खाली होता. टॅपेट कव्हरचा कोपरा मात्र ठणठणीत कोरडा होता. एक वाट बुजवताच तेलाने दुसरी वाट शोधावी, याचा अर्थ आतून त्याला कोणीतरी ढकलत असले पाहिजे, असे मला तेव्हा प्रथम वाटले. पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पोकळीत उतरतो, आणि इंजिन जितके झिजलेले तितका तो जास्त असतो. हा वायू पीसीव्ही नावाच्या छोट्या झडपेतून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या मार्गात, ओढून घेऊन जाळला जातो. ती झडप तुंबली की आतला दाब वाढतो आणि जे सील सर्वांत कमकुवत असेल तिथून तेल बाहेर लोटले जाते. इंजिन मंद चालू ठेवून मी ऑइल भरायच्या तोंडावर जाड कागद धरला. तो आत ओढला जायला हवा होता, त्याऐवजी बाहेर उचलला जात होता. झडप काढून कानाशी हलवली. चांगली झडप खुळखुळते. ही काळ्या चिकट थराने इतकी भरली होती की आवाजच आला नाही. दोन लाख किलोमीटरमध्ये ती एकदाही बदललेली नसावी. सर्व्हिसिंगच्या बिलांच्या फायलीत तिचा उल्लेख कुठेच नव्हता आणि खरे सांगायचे तर मीही कधी विचारले नव्हते. नवीन झडप साडेतीनशे रुपयांना मिळाली आणि तिची नळीही तडकलेली होती म्हणून तीसुद्धा बदलली. कागदाची परीक्षा पुन्हा घेतली, तेव्हा तो तोंडाला चिकटून बसला.

मधल्या काळात एका स्नेह्यांनी गळती थांबवणाऱ्या द्रावणाची बाटली सुचवली होती. ती रबराला फुगवून मऊ करते, त्यामुळे काही सीलना तात्पुरता फायदा होतोही. परंतु तुंबलेल्या झडपेवर तिचा काही इलाज नव्हता, म्हणून मी ती घेतली नाही.

याला आता सहा महिने आणि सुमारे पाच हजार किलोमीटर झाले आहेत. ऑइलची पातळी वरच्या खुणेपासून बोटभरही खाली आलेली नाही. पुढच्या क्रँक सीलची कड अजून थोडी ओलसर असते आणि गाडीखाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर पंधरवड्यातून एखादा थेंब उमटतो. एवढ्यासाठी पुली उतरवण्याची मला घाई नाही. अल्टरनेटरचा पट्टा बदलायला आला आहे, त्या वेळी पुलीही काढून ते सील बदलून घ्यायचे मिस्त्रींशी ठरले आहे. पुठ्ठा तोवर तिथेच राहील.