प्रोजेक्ट द्यायचाच असेल तर विकिस्रोतचा द्या

प्रोजेक्टच्या वह्या तपासताना मराठीच्या शिक्षकांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको, वह्या वेगवेगळ्या, कव्हरं वेगवेगळी, मजकूर मात्र सगळ्यांचा एकच, कारण सर्चमध्ये जे पहिलं येतं ते सगळ्यांनीच उतरवलेलं असतं. म्हणून हल्ली बरेच जण सुचवतात की मुलांना थेट मराठी विकिपीडियावर लेख लिहायला लावा. कल्पना चांगली आहे, मराठी विकिपीडिया २००३ पासून सुरू आहे आणि लिहिणारे तिथे कायम कमीच पडतात. पण आठवी-नववीच्या वर्गासाठी मला ते पटत नाही. लेख लिहायचा म्हणजे संदर्भ शोधा, स्वतःच्या शब्दांत मांडा, वर तटस्थही राहा, हे कॉलेजच्या पोरांनाही जड जातं. मग पोरं पाठ्यपुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा चिकटवतात, तिथला कुणी प्रचालक (म्हणजे अ‍ॅडमिन) कॉपीराइटमुळे तो उडवतो आणि पोरगं जे हिरमुसतं ते परत तिकडे फिरकत नाही.

त्यापेक्षा विकिस्रोत घ्या, विकिपीडियाचंच भावंड. कॉपीराइट संपलेली जुनी पुस्तकं तिथे स्कॅन करून ठेवलेली असतात, एका बाजूला पानाचा फोटो, दुसऱ्या बाजूला ओसीआरने (फोटोतली अक्षरं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने) ओळखलेला मजकूर, आणि आपण तो फोटोशी ताडून दुरुस्त करायचा. बस. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांसाठी खुलं होतं, म्हणजे साने गुरुजी १९५० साली गेले, तर त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून मोकळी. आगरकर, हरिभाऊ आपटे तर कधीचेच. (हा हिशोब वर्गात फळ्यावर करून घ्या, पोरांना कॉपीराइट म्हणजे काय हे त्यातनं जेवढं कळतं तेवढं कुठल्याच भाषणातून कळत नाही.)

शिक्षक म्हणून मला आवडलेली गोष्ट म्हणजे एकदा तपासलेलं पान पिवळं होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी परत तपासलं की हिरवं. ज्याने पिवळं केलं त्याला स्वतः हिरवं करताच येत नाही, सिस्टीमच करू देत नाही. जोडीने काम करा म्हणून आपण घसा कोरडा करतो, इथे त्याशिवाय पान पुढे सरकतच नाही. आणि दुसऱ्याच्या चुका काढायला पोरं कशी टपलेली असतात हे काय सांगायचं. ओसीआर 'ख' चं 'रव' करतं, 'भ' चा 'म', 'घ' चा 'ध', आणि ज्या पोराला एरवी ऱ्हस्व-दीर्घाचं काडीचं पडलेलं नसतं ते शेजारच्याची वेलांटी पकडून आणून दाखवतं.

खरी मजा जुन्या अनुस्वारांची. नांव, कांहीं, घरांत, केलें. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे बरेच अनुस्वार गेले, त्यामुळे पोरांना वाटतं ही चूक आहे आणि ती भराभर सुधारत सुटतात. इथे त्यांना थांबवायचं. विकिस्रोतवर छापलंय तसंच ठेवायचं असतं, आपलं शहाणपण चालवायचं नाही. मग प्रश्न येतोच की अनुस्वार होते तर गेले का, कुणी काढले, आणि त्या दिवशीचा व्याकरणाचा तास आपसूक होतो. मोबाईलवर करत असाल तर कीबोर्डचं ऑटोकरेक्ट आधी बंद करायला सांगा, नाहीतर ते 'नांव' चं 'नाव' करत बसतं आणि शिव्या पोराला बसतात.

आता अडचणी. पानाचा रंग बदलायला खातं लागतं, आणि एका आयपीवरून (म्हणजे एका इंटरनेट कनेक्शनवरून) २४ तासांत सहाच खाती उघडता येतात. शाळेच्या लॅबमध्ये सगळी मशीन एकाच कनेक्शनवर, म्हणजे सातव्या पोरापाशी गाडी अडली. त्यामुळे खाती घरूनच उघडून आणायला सांगा किंवा एखाद्या प्रचालकाशी आधी बोलून ठेवा. खात्याला खरं नाव, शाळेचं नाव, रोल नंबर असलं काही देऊ नका, पोरं लहान आहेत आणि तिथलं सगळं जगाला दिसतं. कुणाचं खातं कुठलं याची यादी आपल्या वहीत.

मार्कांचं म्हणाल तर पानांच्या संख्येवर अजिबात देऊ नका, कारण मग पोरं न वाचताच पिवळं करत सुटतात. प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो, कोणी कधी काय बदललं ते ओळीओळीने दिसतं, त्यातली दोन-तीन पानं उघडून बघायची. मी पिवळं करणाऱ्यापेक्षा हिरवं करणाऱ्याला जास्त मार्क देते, आणि त्याच्या हातून चूक निसटली असेल तर कापतेही त्याचेच. यावर पालकांची तक्रार येते अधूनमधून, येऊ दे.